राशीभोवतीची रेघ

मागच्या उन्हाळ्यात माळ्यावरचे सामान खाली काढताना आम्हांला स्टिकरांचे एक भेंडोळे सापडले. दोन हजारांपैकी आठ-नऊशे स्टिकर उरले असावेत. वर आमच्या घराण्याचे नाव, त्याखाली 'तूरडाळ', 'निव्वळ वजन ४५० ग्रॅम', किंमत, पत्ता आणि उजव्या कोपऱ्यात बारकोड. त्या मजकुरात एकही अक्षर खोटे नाही. तरीही ते भेंडोळे समोर आले तेव्हा आम्ही सगळे काही वेळ गप्प होतो. हे असे का झाले ते सांगायचे म्हणजे बारकोडाविषयीच सांगावे लागेल, आणि साहित्याची चर्चा चालते तेथे डाळीचे पाकीट घेऊन आल्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागावी लागेल. (आमची एक लंगडी सबब आहे. आमचे जिल्ह्याचे ठिकाण वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह तेथे झाला, असे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त सांगितले आहे. वऱ्हाडात लग्न म्हटले की वरण आलेच.)

आम्ही म्हणजे किन्हीराजा येथील दोन चुलत घरे. गाव मालेगाव तालुक्यात, पण ते मालेगाव नाशिककडचे नव्हे, वाशीम जिल्ह्यातले. जमीन काळी, खरिपात सोयाबीन आणि त्यात आंतरपीक म्हणून तुरीच्या ओळी. २०१६चा पावसाळा बरा झाला आणि त्या वर्षी तूर अशी पिकली की ठेवायला जागा नव्हती. सरकारी हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये; बाजारात मात्र त्याहून पुष्कळ कमी. खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या आणि बारदाना संपला म्हणून मोजणी थांबली, हे २०१७ साली विदर्भात ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगायला नको. रांगेत तीन रात्री काढून परत आलेल्या आमच्या दादाने जाहीर केले की या वर्षी तूर विकायची नाही, डाळ विकायची.

डाळ करणे आम्हांला नवे नव्हते. तुरीला तेलपाणी द्यायचे, उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची, पाखडायची, चुनी गुरांना घालायची, हे घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या होत्या. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली लहान डाळगिरणी आम्ही बसवली आणि जात्याचे काम तिच्याकडे गेले. पहिली दोन वर्षे डाळ सुटी विकली, ओळखीत आणि आठवडी बाजारात. अडचण उभी राहिली ती पुण्याच्या एका मोठ्या दुकानात. तेथल्या गृहस्थांनी डाळ चिमटीत धरून पाहिली, वास घेतला, पसंत आहे म्हणाले आणि विचारले, "बारकोड कुठे आहे?"

कायद्याने बारकोड लागत नाही, हे येथे सांगून टाकलेले बरे. पुष्कळांचा तसा गैरसमज असतो. पाकिटावर नाव, पत्ता, वजन, किंमत, पॅकिंगचा महिना आणि तक्रारीसाठी फोन क्रमांक छापणे कायद्याने बंधनकारक आहे. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांकही लागतो. बारकोडाचा आग्रह दुकानाचा. पण ज्याच्या दारातून आत जायचे आहे त्याचा आग्रह कायद्याहून कडक असतो.

पहिली चूक आम्ही तेव्हाच केली. इंटरनेटवर कोणी एक जण बारकोड विकत होता, अगदी भाजीच्या भावात. आम्ही दोन क्रमांक घेतले. दुकानातल्या गृहस्थांनी ते नोंदणीत तपासले तेव्हा परदेशातल्या भलत्याच कंपनीचे नाव निघाले. तो क्रमांक पूर्वी कधी तरी तिला दिलेला होता, आणि तिच्याकडून हात बदलत बदलत तो आमच्या तुरीच्या अंगावर आला होता. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर पेरणी केल्यासारखे झाले. मग रीतसर जीएस-वन इंडिया या संस्थेकडे अर्ज केला. ही संस्था दिल्लीची; १९९६ पासून भारतातले क्रमांक तीच देते. क्रमांक कायमचे विकत मिळत नाहीत, मुदतीने वापरायला मिळतात. आम्हांला दहा अंकी उपसर्ग मिळाला. एकूण अंक तेरा, शेवटचा पडताळ्याचा. म्हणजे आमच्या हाती दोनच जागा उरल्या आणि त्यांत ०० ते ९९ असे शंभर जिन्नस बसणार. किलोच्या पाकिटाला एक, अर्ध्या किलोला दुसरा. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचे काय करावे, यावर त्या रात्री घरात बरीच थट्टा झाली.

८९० या आरंभाविषयीही दोन शब्द. हे तीन अंक दिसले की माल भारतातला, असा निरोप मोबाइलवरून अधूनमधून फिरत असतो. तो खरा नाही. क्रमांक भारतातल्या संस्थेमार्फत दिला गेला, एवढेच त्या अंकांवरून कळते. माल कोठे पिकला किंवा बनला ते कळत नाही.

आमच्या मोठ्या आईने पहिले छापील पाकीट हातात घेऊन चष्म्यातून निरखले आणि रेघांवर बोट ठेवून विचारले, "अन् यात आपलं किन्हीराजा कुठी हाय?"

नव्हतेच. गाव नव्हते, किंमत नव्हती, तारीख नव्हती, तूरसुद्धा नव्हती. पाकिटावरच्या मजकुरात हे सगळे होते, पण रेघांमध्ये केवळ तेरा अंकांची एक संख्या होती. गावच्या किराणा दुकानात उधारीची वही असते, तिच्यात प्रत्येक घराचे पान ठरलेले असते. ही संख्या म्हणजे पानाचा क्रमांक. पानावर काय लिहिले आहे हे ज्याच्या त्याच्या वहीत. दुकानदार आपल्या संगणकात एकदा लिहून ठेवतो, की अमुक संख्या म्हणजे अमक्यांची तूरडाळ, ५०० ग्रॅम, इतके रुपये. पुढे गल्ल्यावर लाल प्रकाश पडला की यंत्र फक्त संख्या वाचते आणि बाकीचे सारे त्या वहीतून उचलते. हे आम्ही मोठ्या आईला समजावून सांगितले. तिला ते समजले. आम्हांला किती समजले होते, ते पुढे दिसले.

या रेघांचा शोध मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतल्या नॉर्मन जोसेफ वुडलंड नावाच्या तरुणाला १९४९च्या सुमारास मायामीच्या किनाऱ्यावर बसलेला असताना लहानपणी शिकलेली मोर्स लिपी आठवली. तिचे ठिपके आणि रेघा त्याने वाळूत काढले आणि बोटांनी ते खाली ओढले. ठिपक्याची बारीक रेघ झाली, रेघेची जाड पट्टी झाली. बर्नार्ड सिल्व्हर या मित्राबरोबर त्याने घेतलेले पेटंट ७ ऑक्टोबर १९५२ रोजी मंजूर झाले. त्यांत सरळ रेघांबरोबर वर्तुळांचाही पर्याय होता, कोणत्याही बाजूने वाचता यावे म्हणून. १९७०नंतर आयबीएममध्ये जॉर्ज लॉरर यांनी सरळ रेघांचा संकेत बसवला, त्याचे एक कारण छापखान्यात होते. छपाईत शाई कागदाच्या चालीच्या दिशेने फरफटते. वर्तुळ फरफटले की बिघडते. उभी रेघ तिच्याच दिशेने फरफटली तर थोडी लांब होते, जाडी तीच राहते. या पद्धतीच्या संकेताचे पहिले पाकीट २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावाच्या एका दुकानात वाचले गेले. ते च्युइंगगमचे होते, किंमत ६७ सेंट. वाळूपासून च्युइंगगमपर्यंत पाव शतक गेले.

लॉररना उमगलेली शाईची चाल आम्हांला अकोल्याच्या एका छापखान्यात उमगली, आणि तीही पैसे गेल्यावर. पिशव्यांवर थेट छापायचे तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि एकदम इतका माल छापून घ्यावा लागतो की आमची चार वर्षांची तूर त्यात मावली असती. म्हणून कोऱ्या पारदर्शक पिशव्या घेऊन त्यांवर स्टिकर लावायचे ठरले. रंगाची निवड घरातल्या सर्वांनी मिळून केली. कुंकवाचा लाल. पांढऱ्यावर लाल अक्षरे, लाल वेल आणि लालच रेघा; लग्नपत्रिकेसारखे देखणे स्टिकर झाले. दुकानात यंत्राने त्याकडे पाहिलेच नाही. दहा वेळा फिरवले, एकदाही आवाज आला नाही. कारण नंतर कळले. यंत्राचा प्रकाश लाल असतो. त्या प्रकाशात लाल रेघ पांढऱ्या कागदाइतकीच उजळ दिसते, म्हणजे दिसतच नाही. काळी, गडद निळी, गडद हिरवी रेघ चालते. पाठीमागे पांढरे, पिवळे, अगदी लालसुद्धा चालते. आम्ही नेमके उलटे केले होते. आपल्या डोळ्यांना जे सर्वांत उठून दिसते ते यंत्राच्या लेखी कोरे, ही गोष्ट आम्हांला बराच काळ खटकत राहिली.

दुसऱ्या खेपेला रेघा काळ्या केल्या, पण खर्च वाचवण्यासाठी उष्णतेने काळ्या पडणाऱ्या कागदाचे स्टिकर घेतले, बसच्या तिकिटासारखे. ते पत्र्याच्या खोलीत ठेवले. आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होते हे वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. सगळा कागदच करडा पडला. तेव्हापासून शाईची रिबन वापरणारे छपाईयंत्र घेतले आणि तो प्रश्न मिटला. आकाराच्या बाबतीतही असेच झाले. संकेताचे मूळ माप मोकळ्या कडांसह ३७.२९ मिलिमीटर रुंद, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येते. आमच्या मजकुराची मांडणी करणाऱ्याने जागा पुरेना म्हणून तो बाजूने दाबला आणि कडांना वेलबुट्टी भिडवली. दोन्ही कडांची कोरी जागा हा संकेताचाच भाग असतो. रेघा कोठून सुरू झाल्या हे यंत्राला त्या कोरेपणावरून कळते. डावीकडे ३.६३ आणि उजवीकडे २.३१ मिलिमीटर, एवढी ती जागा. कवितेच्या पानावरच्या कोऱ्या समासाविषयी आपण पुष्कळ बोलतो. डाळीच्या पाकिटावर तो समास मोजून सोडावा लागतो.

आणखी एक गोष्ट येथल्या वाचकांना आवडेल. तेरा अंकांपैकी रेघांमध्ये बाराच काढलेले असतात. मधल्या दोन लांब रेघांच्या डावीकडे सहा, उजवीकडे सहा. प्रत्येक अंकाला सात सूक्ष्म घरे, त्यांत दोन काळ्या पट्ट्या आणि दोन पांढऱ्या. पहिला अंक, म्हणजे आमच्या ८९० मधला आठ, कोठेच नसतो. डावीकडच्या सहा अंकांना प्रत्येकी दोन वळणांनी लिहिता येते. कोणता अंक कोणत्या वळणाने लिहिला आहे त्या क्रमावरून यंत्र तो आठ ओळखते. वाच्य नाही, पण बाकीच्यांच्या मांडणीतून उमटतो. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाला हा आठ दाखवता आला असता तर त्याने तो ध्वनीच्या कोणत्या प्रकारात घातला असता, या प्रश्नावर आमच्यातल्या एकाने स्टिकर चिकटवता चिकटवता तासभर व्याख्यान दिले होते. घरातल्या मराठी पुस्तकाच्या मलपृष्ठावर पाहावे. २००७ पासून आयएसबीएन क्रमांक तेरा अंकी झाला, त्याचा आरंभ ९७८ असतो आणि तेथला नऊ असाच अदृश्य आहे. पुस्तक आणि डाळ यांच्यात यंत्र भेद करीत नाही.

शेवटचा अंक पडताळ्याचा. पहिल्या बारा अंकांतले एकाआड एक तीनने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पाढ्यात बसवायला जे लागेल ते तेरावे. एक अंक चुकला तर ही बेरीज हमखास बोंब मारते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुधा पकडते. त्यांच्यात पाचाचा फरक असेल तेवढीच चूक निसटते. बोटाच्या चुकीविरुद्ध हा बंदोबस्त चांगला आहे. आमची चूक बोटाची नव्हती.

२०२३ साली चित्र फिरले. ज्या तुरीला २०१७ साली कोणी विचारीत नव्हते तिने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. घरची तूर लवकर संपली, विकत घेऊन भरडावी लागली, आणि अर्ध्या किलोच्या पाकिटाची किंमत अशी होऊ लागली की गिऱ्हाईक हात मागे घेई. पूर्वी डाळीचे पाकीट किती वजनाचे असावे हे कायद्याने ठरवून दिले होते. ती यादी २०२२ साली रद्द झाली आणि वजनाची मोकळीक मिळाली. आमच्यातल्या धाकट्याने सुचवले, पाकीट ४५० ग्रॅमचे करू. वजन ठसठशीत छापू, दर ग्रॅमची किंमतही नियमाप्रमाणे छापू, म्हणजे लपवाछपवी काही नाही.

येथपर्यंत ठीक होते. पण छापील वजन बदलले की क्रमांक बदलायचा, हा या व्यवस्थेचा स्पष्ट नियम आहे आणि तो आम्हांला ठाऊक होता. अठ्ठ्याण्णव क्रमांक रिकामे पडून होते. नवा घ्यायला एक पैसा लागत नव्हता. मात्र नवा क्रमांक म्हणजे दुकानाच्या लेखी नवा जिन्नस. पुन्हा अर्ज, पुन्हा नमुना, पुन्हा मंजुरी, तोवर फळीवरची जागा दुसऱ्या कोणाची. आम्ही अंगणात बसून तासभर बोललो. कोणी मोठ्याने 'नको' म्हणाले नाही. मोठी आई उठून आत गेली. क्रमांक जुनाच ठेवायचे ठरले.

तिच्या उठून जाण्याचा अर्थ लावण्यासाठी आमच्या आजोबांचे खळे सांगावे लागेल. मळणी झाली की रास घालून तिच्याभोवती ते चुलीतल्या राखेची एक रेघ ओढीत. रात्री कोणी राशीत हात घातला तर सकाळी रेघ मोडलेली दिसे. रास किती पायल्यांची, हे त्या रेघेत लिहिलेले नसे. संध्याकाळी पाहिलेली रास तीच आणि तेवढीच आहे, एवढेच ती सांगे. ती रेघ ओढण्याचे काम पुढे कित्येक वर्षे मोठ्या आईकडे होते.

चार महिन्यांनी पाकिटावर छापलेल्या क्रमांकावर फोन आला. पुण्याहून एक बाई बोलत होत्या. आवाज शिक्षिकेचा असावा असा, रागाचा मुळीच नाही. त्या म्हणाल्या, "मी महिन्याचा हिशेब लिहिते. तुमच्या पाकिटावर ४५० ग्रॅम आहे आणि दुकानाच्या बिलावर ५०० ग्रॅम लिहिलंय. यातलं खरं कोणतं?"

आम्ही सांगितले, पाकिटावरचे. त्यांनी विचारले, मग चार महिने बिलावर ५०० का येत आहे? याचे उत्तर आम्हांला तंतोतंत माहीत होते. दुकानाच्या वहीत त्या पानावर ५०० लिहिलेले होते. ते आम्हीच २०१९ साली लिहून दिले होते, आणि पान तेच ठेवून आम्ही रास कमी केली होती. पाकीट खरे बोलत होते, म्हणून आम्ही स्वतःला खरे समजत होतो. बिल दुकानाचे होते, पण त्यावरचे खोटे आमचे होते. दुकानाने पाहायला हवे होते असे आमच्यातला एक जण म्हणून बघत होता. त्याला कोणी साथ दिली नाही.

दुकानाला कळवले, उरलेला माल परत आणला, पाकिटे फोडून पुन्हा ५०० ग्रॅमची भरली. किंमत वाढवली, खप पडला, तो हंगाम तोट्यात गेला. आता येत्या काही वर्षांत गल्ल्यावर चौकटीचे संकेत वाचले जातील, २०२७ अखेरचे उद्दिष्ट जगभर धरले आहे. त्यांत क्रमांकाबरोबर पॅकिंगचा गट आणि तारीखही मावते. मोठ्या आईचे किन्हीराजा त्यात बसवता येईल का, याची धाकटा सध्या चौकशी करतो आहे. तिला त्याने हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बसव बाबा. पण आंधी मोजून भर."

त्या बाईंना आम्ही माफीची चिठ्ठी आणि अर्ध्या किलोचे एक पाकीट कुरिअरने पाठवले. कुरिअरला डाळीपेक्षा जास्त पैसे पडले. आठवड्याने त्यांचा पुन्हा फोन आला. आम्ही सगळे फोनभोवती जमलो. वजनाविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. डाळ चवीला चांगली आहे, म्हणाल्या, पण पुण्याच्या पाण्यात शिजायला वेळ घेते. तुम्ही किती शिट्ट्या करता?